गंभीर आजारी ज्यू रुग्णाला आशा कशी द्यावी: भेटीला जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

“मी बरी होईन ना?” खाटेवरचं माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतंच. डॉक्टर राउंड आटोपून गेलेले असतात, घरचे खाली औषधं आणायला गेलेले असतात आणि खोलीत आपण एकटेच असतो. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून दोनपैकी एक उत्तर निघतं. एक, “होणार म्हणजे काय, महिन्याभरात हिंडायला लागाल!” आणि दुसरं, “आता देवाचं नाव घ्या.” पहिल्यातला खोटेपणा रुग्णाला लगेच कळतो. दुसऱ्यात निरोप आहे, तोही त्यानं मागितलेला नसताना.

ज्यू परंपरेत आजाऱ्याला भेटणं हे धर्मकर्तव्य आहे. त्याला बिक्कूर खोलिम म्हणतात. अब्राहाम आजारी असताना खुद्द देव त्याच्या तंबूशी भेटीला आला, आपणही तसंच करावं, असं तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा प्राचीन ग्रंथ सांगतो. कसं जावं, कुठे बसावं, काय बोलू नये, प्रार्थना कधी बदलावी, या सगळ्याचा विचार तिथे बारकाईनं केलेला आहे. ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग, पेण इथल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबांसाठी, आणि इस्रायलमधल्या लोद, रामले, अश्दोद, दिमोनात म्हाताऱ्या आईवडिलांशी मराठीतून बोलणाऱ्या मुलांसाठी मी हे लिहितो आहे. स्वतः ज्यू नसलेल्या, पण ज्यू रुग्णाजवळ बसायची वेळ येणाऱ्या नर्सना, समाजसेविकांना, शेजाऱ्यांनाही याचा उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. आशा म्हणजे घरून भरून न्यायचा डबा नाही. ती रुग्णाकडेच असते. ती कसली आहे हे विचारून घ्यायचं, आणि आजार पुढे सरकेल तशी ती बदलत जाईल तेव्हा तिच्याबरोबर आपणही बदलायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामाच्या आहेत.

१. कधी जायचं, कोणी जायचं

जवळच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी लगेच जावं, बाकीच्यांनी तीन दिवसांनी, असा संकेत आहे. आजार अचानक आणि जोराचा असेल तर सगळ्यांनीच लगेच जावं. हे नियम योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या सोळाव्या शतकातल्या धर्मसंहितेत आहेत.

वेळेबद्दलचा तालमूदमधला सल्ला मला फार मोलाचा वाटतो. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत आणि शेवटच्या तीन तासांत जाऊ नये. सकाळी रुग्णाला जरा बरं वाटत असतं, ते बघून पाहुण्याला वाटतं की आता प्रार्थनेची गरज नाही. संध्याकाळी आजार बळावलेला दिसतो, तेव्हा वाटतं की आता प्रार्थनेचा उपयोग नाही. म्हणजे ही काळजी रुग्णाइतकीच पाहुण्याच्या मनाचीही आहे. फाजील विश्वास किंवा हताशपणा घेऊन खाटेजवळ जाऊ नका. आजच्या व्यवहारात याचा अर्थ इतकाच की एका भेटीत दिसलेल्या चेहऱ्यावरून निष्कर्ष काढू नये. फोन करून वेळ विचारावी आणि दहा-पंधरा मिनिटांत उठायची तयारी ठेवून जावं.

पोटाच्या विकारानं ज्याला सारखं उठावं लागतं किंवा ज्याला बोलणं जड जातं, त्याच्या खोलीत शिरू नका, असंही सांगितलेलं आहे. त्याला अवघडल्यासारखं होतं. तरी कर्तव्य सुटत नाही. बाहेरच्या खोलीत बसून घरच्यांना काय हवं-नको ते विचारायचं. केमोथेरपीनं ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांच्या बाबतीतही असंच करावं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, भेटायला जाता येतं, मात्र शब्बाथ पाळणाऱ्या रुग्णाला त्या दिवशी फोन करू नये.

२. आधी काम, मग बोलणं

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अकिवा यांचा एक शिष्य आजारी पडला. विद्वानांपैकी कोणी फिरकलं नाही. अकिवा स्वतः गेले, खोली झाडली गेली, जमिनीवर पाणी शिंपडलं गेलं. शिष्य म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मला जगवलंत.” बाहेर येऊन अकिवांनी शिकवलं की जो आजाऱ्याला भेटत नाही, तो जणू रक्त सांडतो. त्या खोलीत आशेबद्दल एक शब्दही उच्चारला गेला नव्हता.

म्हणून खोलीत गेल्यावर आधी बघा. पाण्याचा ग्लास हाताशी आहे का? उशी सरकली आहे का? चष्मा, श्रवणयंत्र, मोबाइलचा चार्जर कुठे आहे? डोळ्यांवर ऊन येतंय का? नर्सला विचारून जे करण्यासारखं असेल ते करा.

मग बसा, पण उशाशी बसू नका. रुग्णाच्या डोक्याच्या वर शेखिना, म्हणजे देवाचं सान्निध्य असतं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे खाटेवर बसू नये, रुग्णापेक्षा उंचही बसू नये. त्याच्या नजरेसमोर, त्याच्याच पातळीवर खुर्ची घ्यावी. धार्मिक कारण बाजूला ठेवलं तरी यात शहाणपण आहे. वरून वाकून बोलणारी माणसं रुग्ण दिवसभर बघत असतो.

भेटणारा माणूस आजाराचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असं तालमूद म्हणतो. यावर तिथेच कोणीतरी विचारतं, मग साठ माणसं गेली की रुग्ण बरा होईल का? उत्तर मिळतं, नाही. प्रत्येक जण उरलेल्या आजाराचा साठावा हिस्सा नेतो. गणित करून पाहिलं तर साठ भेटींनंतरही एक तृतीयांशाहून जास्त आजार शिल्लक राहतो. तो शून्यावर कधीच येत नाही, पण प्रत्येक भेटीत थोडा कमी होतो. भेटीकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच, आणि ती खोटी नाही.

३. अंदाज बांधू नका, विचारा

या कामासाठी सगळ्यात जवळची म्हणावी अशी गोष्ट रब्बी योहानान यांची आहे. रब्बी एलाझार अंधाऱ्या खोलीत आजारी पडलेले होते आणि रडत होते. योहानान विचारत गेले. तोराहचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, अभ्यास अपुरा राहिला म्हणून रडता? पैसा मिळाला नाही म्हणून? मुलंबाळं झाली नाहीत म्हणून? प्रत्येक प्रश्नाबरोबर ते सांत्वनही करत होते, आणि तिन्ही अंदाज चुकले. शेवटी एलाझार म्हणाले, “तुमचं हे सौंदर्य मातीत कुजून जाणार, म्हणून रडतो.” योहानान म्हणाले, “यासाठी मात्र रडायलाच हवं.” आणि दोघे मिळून रडले. त्यानंतर त्यांनी विचारलं, “हे दुखणं तुम्हाला प्रिय आहे का?” उत्तर आलं, “तेही नको आणि त्याचं फळही नको.” “मग हात द्या.” त्यांनी हात दिला आणि योहानान यांनी त्यांना उठवलं.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी विचारणं, मग बरोबर रडणं, मग पुन्हा विचारणं आणि सगळ्यात शेवटी हात. दुखण्यात काहीतरी अर्थ आहे असं रुग्णाला पटवायचा प्रयत्न योहानान यांनी केला नाही. दुसऱ्या एका प्रसंगी ते स्वतःच आजारी पडले, तेव्हा त्यांनाही दुसऱ्यानंच येऊन उठवलं. कैदी स्वतःला तुरुंगातून सोडवू शकत नाही, असं तालमूद म्हणतो. एरवी इतरांना धीर देणारे हझान (सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळात प्रार्थना चालवणारे), डॉक्टर, शिक्षक आजारी पडले की “त्यांना काय सांगायचं, त्यांना सगळं कळतं” असं म्हणून लोक जायचं टाळतात. त्यांच्याकडे आवर्जून जा.

विचारायचे प्रश्न साधे असावेत. “आज सगळ्यात जड काय जातंय?” “रात्री झोप येत नाही तेव्हा मनात काय येतं?” “या आठवड्यात काय घडलं तर बरं वाटेल?” “कशाची भीती वाटते?” “मी प्रार्थना करू का, की नुसतं बसू?” प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

आणि काय बोलू नये? बायबलमधल्या, संकटं कोसळलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट जमिनीवर बसले, तोवर सगळं ठीक होतं. मग त्यांनी त्याच्या दुःखाची कारणं सांगायला तोंड उघडलं. आजाऱ्याशी तसं बोलणं म्हणजे शब्दांनी केलेला छळ, असं तालमूद स्पष्ट म्हणतो. “देव परीक्षा बघतो”, “तुम्ही मनाला लावून घेतलंत म्हणून हे झालं”, “शब्बाथ पाळला असता तर...”, “पॉझिटिव्ह विचार करा, सगळं मनावर असतं” ही सगळी वाक्यं याच जातीची. शेवटचं वाक्य सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण ऐकणाऱ्याला त्यात कळतं ते एवढंच की आजार वाढला तर दोष माझा.

४. आशा कसली आहे ते ओळखा

पूर्ण बरं व्हायची आशा असू शकते. तसं असेल तर ती हिरावून घेऊ नका. पण बहुतेक रुग्णांकडे एकाच वेळी अनेक आशा असतात, काही मोठ्या, काही अगदी जवळच्या. दुखणं थांबावं. नातीच्या मेंदीला बसता यावं. दुरावलेल्या भावाचा फोन यावा. अलिबागचं घर विकलं जाऊ नये. पेसाहपर्यंत, म्हणजे वल्हांडणाच्या सणापर्यंत, श्वास चालावा. मुलांवर ओझं होऊ नये. आपलं नाव कोणाच्या तरी तोंडी राहावं.

या आशा कानावर आल्या की त्यातली एखादी आपल्याला पुरी करता येते का ते बघा. वेदना कमी व्हावी ही आशा असेल तर डॉक्टरांकडे पाठपुरावा करणं हेच आपलं आध्यात्मिक काम. वेदनाशामक औषधं घेतल्यानं श्रद्धा कमी होत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावं लागतं, कारण काही जण मुकाट्यानं सोसत राहतात.

किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाचंही तसंच. आयुष्यभर तो पाळलेल्या माणसाला खावं लागलं की अपराधी वाटतं. तेव्हा धर्मच त्याच्या बाजूनं उभा आहे हे दाखवा. रुग्ण म्हणत असेल की मला खाण्याची गरज आहे, तर शंभर वैद्य ‘नको’ म्हणाले तरी रुग्णाचं ऐकावं, अशी तालमूदमध्ये चर्चा आहे. जीव वाचवणं हे उपासाच्या वर आहे.

५. “मी बरा होईन ना?”

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्यानं येऊन सांगितलं, “घराची निरवानिरव कर, तू मरणार.” तालमूदमधल्या कथेत राजा त्याला म्हणतो, “तुझं सांगणं आटप आणि नीघ. आमच्या घराण्यात आम्ही शिकलो आहोत की धारदार तलवार मानेवर टेकली असली तरी माणसानं दयेची आशा सोडू नये.” मग त्यानं भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि त्याला आणखी पंधरा वर्षं मिळाली. आशेचा आधार म्हणून ही कथा सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची वाटते. राजाला खरं काय ते सांगितलं गेलं होतं, आणि ते ऐकूनच तो प्रार्थनेला लागला. खरं कळल्यानं त्याची आशा संपली नाही.

आपल्या घरांमध्ये “त्यांना काही सांगू नका” हा आग्रह असतो. धर्मसंहितेतही त्याला थोडा आधार आहे. रुग्णाचा जवळचा नातेवाईक वारला तर ती बातमी त्याला सांगू नये, त्याचं मन खचेल, असं तिथे म्हटलं आहे. पण देणीघेणी, ठेवी, निरवानिरव याबद्दल त्याला विचारावं आणि यानं मरणाला घाबरू नकोस असं सांगावं, हेही तिथेच आहे. निदान सांगणं हे डॉक्टरांचं आणि घरच्यांचं काम, ते तुम्ही अंगावर घेऊ नका. मात्र रुग्णानं विचारल्यावर खोटंही बोलू नका. बोलणं असं जाऊ शकतं:

“मी बरा होईन ना?”

“काका, मलाही तेच हवंय. तुम्हाला आतून काय वाटतंय?”

“वाटतं, यावेळी काही खरं नाही.”

“डॉक्टरांशी बोलायचंय का? मी बरोबर थांबते.”

“नको. पण बायकोला कसं सांगू?”

बहुतेकदा खरा प्रश्न असा दोन-तीन वाक्यांनंतर बाहेर येतो. लगेच उत्तर देऊन टाकलं असतं तर तो आतच राहिला असता.

६. प्रार्थना

कोणत्याही प्रार्थनेआधी विचारा, “देवाकडे काय मागू?” मग रुग्ण जे म्हणेल त्याच शब्दांत मागा. तालमूदचा पाया असलेल्या मिश्नामध्ये एक नियम आहे. जे घडून गेलं ते घडू नये म्हणून केलेली प्रार्थना व्यर्थ आहे. गाठ शरीरभर पसरल्याचं तपासणीत दिसलं असेल तर “गाठ नसू दे” असं मागू नये. “बळ दे, वेदना हलकी कर, तिला एकटं सोडू नकोस” हे मात्र कोणत्याही अवस्थेत मागता येतं, आणि चांगली बातमी आली तरी ते वाया जात नाही.

लांब प्रार्थनेची गरज नसते. बहीण मिर्याम आजारी पडली तेव्हा मोशेनं केलेली प्रार्थना हिब्रूत पाच शब्दांची आहे: एल ना रेफा ना लाह. हे देवा, कृपा कर, तिला बरं कर.

सिनेगॉगमध्ये तोराह वाचनाच्या वेळी आजाऱ्यांसाठी ‘मी शेबेराख’ ही प्रार्थना म्हणतात. त्यासाठी रुग्णाचं हिब्रू नाव आणि त्याच्या आईचं नाव लागतं. तिच्यात आत्म्याचं बरं होणं आणि शरीराचं बरं होणं अशा दोन्ही गोष्टी मागितलेल्या आहेत. शरीराबद्दल आता फार काही होणार नाही असं दिसत असतानाही ही प्रार्थना खोटी ठरत नाही ती यामुळेच. रुग्णाला आवर्जून सांगा, “शनिवारी मशिदीत तुमचं नाव घेतलं.” जुनी बेने इस्रायली माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात.

तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, निवडताना रुग्णाची मनःस्थिती बघा. भीती असेल तर २३ किंवा १२१. राग आणि थकवा असेल तर ६, तिथे कवी रडून रडून अंथरूण भिजवतो. खोल निराशा असेल तर १३०, ते खोल जागेतूनच हाक मारतं. म्हातारपणी टाकून दिल्यासारखं वाटत असेल तर ७१. आनंदाचं स्तोत्र दुःखी माणसावर लादू नका.

आधुनिक हॉस्पिस चळवळीची, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरांच्या चळवळीची, सुरुवात अशाच एका खाटेजवळ झाली. १९४८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित कॅन्सरनं मरत होता. त्याच्याजवळ सिसिली सॉन्डर्स बसायच्या, त्या स्वतः ख्रिश्चन. धीर देणारं काहीतरी म्हण, असं त्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी तेविसावं स्तोत्र म्हटलं. आणखी वाचून दाखवू का, असं विचारल्यावर तो म्हणाला की जे तुझ्या मनात आणि हृदयात आहे तेवढंच हवं. त्यानं ५०० पौंड त्यांच्या नावे ठेवले, त्यांच्या होऊ घातलेल्या घरात एक खिडकी होण्यासाठी. १९६७ मध्ये सॉन्डर्स यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. म्हणून सांगतो, निदान दोन स्तोत्रं पाठ करा. पुस्तकातून वाचताना आपली नजर पानावर असते, पाठ असेल तर ती रुग्णावर राहते.

इस्रायलमध्ये आयुष्य घालवलेली कोकणातली माणसं म्हातारपणी, आजारात, हिब्रू सोडून मराठीवर येतात. त्यांना स्तोत्र मराठीत म्हणा, मराठी ज्यू कीर्तनातलं पद आठवत असेल तर तेही म्हणा.

बेने इस्रायलांची खास गोष्ट म्हणजे एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं केलेला मलिदा. पोहे, खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळं असं ताट मांडायचं, प्रार्थना आणि एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी प्रसाद घ्यायचा. आजारातून उठावं म्हणून मलिदा बोलतात, काही जण अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात, तिथे एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. रुग्ण बरा होईपर्यंत मलिद्यासाठी थांबायची गरज नाही, असं माझं मत आहे. वेदना एक दिवस कमी झाली, मुलगा विमानानं पोचला, यासाठीही आभाराचा मलिदा होऊ शकतो. घास गिळता येत नसेल तर वेलचीचा नुसता वास द्या. कोणी नवस बोलायचं सुचवत असेल तर रुग्णाला विचारूनच बोला. नवस फिटला नाही तर आपलंच काही चुकलं, असं त्याच्या मनात राहायला नको.

७. राहिलेली कामं

याकोबानं मरणाआधी सगळ्या मुलांना जवळ बोलावलं आणि एकेकाबद्दल जे वाटत होतं ते सांगितलं. तीच प्रथा पुढे नैतिक मृत्युपत्राची झाली: मालमत्तेबद्दल न लिहिता, काय शिकलो आणि मुलांसाठी काय मागतो ते लिहायचं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तरी चालतो. “तुमच्या आईकडून तुम्ही काय शिकलात?” इथून सुरुवात करा, रुग्ण आपोआप पुढच्या पिढीपर्यंत येतो. त्याच्या हातून त्सेदाका, म्हणजे दान, करवा. रक्कम लहान असली तरी घेणाऱ्याचा हात देणाऱ्याचा होतो, आणि महिनोन् महिने सेवा करून घेणाऱ्या माणसाला याची भूक असते.

इस्रायलमध्ये २००५ च्या कायद्यानुसार शेवटच्या काळातल्या उपचारांबद्दल आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. तिथल्या कुटुंबांनी हे बोलणं रुग्ण शुद्धीवर असतानाच करावं.

८. विदुई

शेवटची कबुली, विदुई, सुचवायला सगळेच घाबरतात. रुग्णाला वाटेल की संपलं आता. ही भीती जुनीच आहे. म्हणून काय म्हणावं तेही ठरवून दिलेलं आहे: “विदुई म्हणून पुष्कळ जण मेले नाहीत, आणि न म्हणता पुष्कळ जण मेले.” ती लहान मुलांसमोर किंवा रडणाऱ्या माणसांसमोर म्हणू नये, त्यांच्या रडण्यानं रुग्णाचं मन मोडतं. बोलता येत नसेल तर मनातल्या मनात म्हणावी.

तिचा मजकूर साधारण असा: माझं बरं होणं आणि माझं मरण तुझ्या हाती आहे. मला पूर्ण बरं करावंस अशी तुझी इच्छा असो. आणि मी मेलो, तर माझं मरण माझ्या पापांचं प्रायश्चित्त ठरो. बरं होण्याची मागणी इथेही पहिली आहे, आणि मरणाची तयारी तिच्या शेजारीच. रुग्णाला दोन्हींतून एक निवडायला लावलेलं नाही. त्याला हे वाक्य आधी मराठीत समजावून सांगा. मग तो बहुतेकदा स्वतःच म्हणतो, चला म्हणू या. शेवटी शेमा, म्हणजे देव एकच आहे ही घोषणा, म्हणतात. रब्बी किंवा हझान असले तर उत्तम, नसले तरी मुलगी, जावई, शेजारी कोणीही साथ देऊ शकतं.

९. शेवटचे तास

मरणासन्न माणूस सर्व बाबतींत जिवंतच मानावा, हा नियम ठाम आहे. त्याच्यासमोर अंत्यविधीची चर्चा करू नये. त्याला एकटं सोडू नये. पाळ्या लावा.

इथे प्रार्थनाही बदलू शकते. रब्बी येहूदा हानासी अंथरुणाला खिळले होते आणि शिष्य अखंड प्रार्थना करत त्यांना धरून ठेवत होते. त्यांची दासी आधी त्यांच्या जगण्यासाठी प्रार्थना करत होती. त्यांचे हाल पाहिल्यावर तिनं त्यांच्या सुटकेची प्रार्थना केली, आणि छपरावरून एक मडकं खाली टाकलं. त्या आवाजानं शिष्य क्षणभर थांबले आणि रब्बींचा प्राण गेला. तालमूद तिला दोष देत नाही. “आता त्यांना सुटू दे” असं कोणा घरच्याच्या मनात आलं आणि ते त्याला टोचत असेल, तर त्याला ही गोष्ट सांगा.

जीव जायला अडथळा करणारा बाहेरचा आवाज, लाकूड फोडल्यासारखा, बंद करता येतो, असं क्राकोचे रब्बी मोशे इसर्लेस यांनी लिहिलं आहे. खोलीतला टीव्ही बंद करा, फोन बाहेर ठेवा. उपचारांबद्दलचे निर्णय मात्र डॉक्टर आणि घराचा विश्वास असलेले रब्बी यांच्याशी बोलूनच घ्या.

या गोष्टी आधीच एका कागदावर लिहून नर्सच्या टेबलावर ठेवा: रुग्णाचं हिब्रू नाव आणि आईचं नाव, हझानचा आणि दफनविधी पाहणाऱ्यांचा फोन नंबर, रात्री कोणाला उठवायचं त्याचं नाव, रुग्णाला कोणत्या भाषेत बोललेलं कळतं ते, आणि शेमा कोण म्हणणार ते. रुग्ण उठून घरी गेला तर तोच कागद घेऊन सिनेगॉगमध्ये जा. तिथे दहा जणांच्या मिन्यानसमोर तो हागोमेल म्हणेल, आजारातून उठलेल्यानं म्हणायचा आभार.